दात घासायची खरी वेळ रात्रीची

आपल्याकडे दात घासणं म्हणजे सकाळचं काम. तोंड धुतल्याशिवाय चहा मिळणार नाही, हा दंडक बहुतेक घरांत आजी-पणजीपासून चालत आलेला आहे, आणि तो चांगलाच आहे. पण त्यामुळे दात घासणं आंघोळ-पूजेच्या पंगतीत जाऊन बसलं आणि रात्र तशीच राहून गेली. ज्या घरात पारोशा तोंडाने पाणी पिणंही खपत नाही, त्याच घरात रात्री जेवून, वर साखर लावलेली बडीशेप चघळून माणसं सरळ अंथरुणावर पडतात. त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. दातांची निम्मी दुखणी मात्र इथूनच सुरू होतात.

जाहिरातींनी आपल्याला एकाच प्रश्नात गुंतवून ठेवलं आहे: दात कशाने घासायचे? मीठवाली पेस्ट, कोळसावाली, लवंगवाली, कडुनिंबाची. दवाखान्यातही लोक आधी हेच विचारतात, ‘डॉक्टर, कुठली पेस्ट चांगली?’ माझा आग्रह दुसऱ्या प्रश्नाचा आहे. दात कधी घासता? गोड कधी खाता? मुलाच्या तोंडात डोकावून कधी पाहता? आणि दंतवैद्याकडे कधी जाता? दातांच्या बाबतीत बहुतेक सगळं या ‘कधी’वर ठरतं.

तोंडात जंतू असतातच, अगदी निरोगी माणसाच्याही. ते दातांवर एक चिकट, जवळजवळ न दिसणारा थर धरतात. बरेच दिवस न घासलेल्या माठात हात घातला की बोटांना बुळबुळीत लागतं, तसाच हा थर. नुसतं पाणी हलवून माठ स्वच्छ होत नाही, आतून घासावाच लागतो. दातांचंही तेच. जेवण झालं की खळखळून चूळ भरायची आपली सवय उत्तम आहे, ती सोडू नका. तिने अन्नाचे कण जातात, पण थर जात नाही.

या थरातल्या जंतूंना साखर किंवा मैद्यासारखा पिठूळ पदार्थ मिळाला की ते काही मिनिटांत आम्ल तयार करतात. दाताचं वरचं कवच शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ आहे, तरी तोंडातला सामू साधारण ५.५ च्या खाली उतरला की त्यातली खनिजं विरघळू लागतात. मग लाळ कामाला लागते. ती आम्ल धुऊन काढते, सौम्य करते आणि गेलेल्या खनिजांपैकी काही परत दातात भरते. याला अर्धा ते एक तास लागतो. दिवसभर ही झीज आणि भरपाई चालूच असते. झोपेत मात्र लाळ सुटणं खूप कमी होतं. रात्री दातांवर अन्न आणि थर तसाच ठेवून झोपलात, तर भरपाई करणारी लाळ नाही आणि जंतूंना सहा-सात तास मोकळं रान. म्हणून दिवसातून एकदाच दात घासणं जमणार असेल, तर ती वेळ रात्रीची असू द्या. दोनदा जमलं तर फारच उत्तम, आणि जमवायलाच हवं.

रात्रीचा ब्रश राहून जातो तो आळसाने कमी आणि थकव्याने जास्त. घरातली बाई ओटा पुसून, दूध विरजून, सकाळची भाजी निवडून पलंगाला पाठ टेकते, तेव्हा पुन्हा उठून बेसिनपाशी जायचं त्राण तिच्यात उरलेलं नसतं. म्हणून ब्रशची गाठ झोपेशी बांधू नका, जेवणाशी बांधा. शेवटचं ताट उचललं, हळदीचं दूध किंवा फळ जे काय घ्यायचं ते घेतलं, की लगेच दात घासून मोकळं व्हायचं. त्यानंतर फक्त पाणी. मालिका बघताना चिवडा-शेंगदाणे तोंडात टाकायची सवय असेल, तर ती या नियमाने आपोआप सुटते, कारण घासलेलं तोंड पुन्हा खराब करायला जिवावर येतं.

आता घासायचं कसं. ब्रश मऊ केसांचा घ्या. ‘हार्ड’ ब्रशने दात जास्त स्वच्छ होतात हा समज चुकीचा आहे. त्याने हिरड्या मागे सरतात आणि दात मुळाशी झिजतो. ब्रश असा तिरपा धरा की त्याचे निम्मे केस दातावर आणि निम्मे हिरडीच्या कडेवर टेकतील. तिथेच, जागा न सोडता, अगदी छोटी थरथरल्यासारखी हालचाल करायची. एका वेळी दोन-तीन दात, मग पुढचे. करवतीसारखं आडवं खसाखसा ओढायचं नाही. बाहेरून झालं की आतून, मग चावायचा पृष्ठभाग. खालच्या समोरच्या दातांची आतली बाजू बहुतेकांची राहून जाते. जिभेखाली लाळेच्या ग्रंथी तिथेच उघडतात, त्यामुळे तिथे किटण सर्वांत लवकर धरतं. जिभेच्या टोकाने चाचपून पाहिलंत तर खरखरीतपणा लागेल. त्या जागी ब्रश उभा धरून टोकाच्या केसांनी घासावं लागतं. सगळं नीट करायला दोन मिनिटं लागतात, आणि दोन मिनिटं वाटतात त्यापेक्षा मोठी असतात. एकदा घड्याळ लावून बघा.

घासून झालं की फेस थुंकायचा, पण लगेच खळखळून चुळा भरायच्या नाहीत. इथे आपल्या सवयीला थोडी मुरड घालावी लागेल. पेस्टमधलं फ्लोराइड दातावर थोडा वेळ राहिलं तरच दाताला उपयोगी पडतं. चुळा भरल्या की ते मोरीत जातं. सुरुवातीला तोंडात चव रेंगाळते, ते विचित्र वाटतं. आठवडाभरात त्याची सवय होते.

आणि पेस्ट? फ्लोराइड असलेली कुठलीही चालेल. बाकी रंग, वास, पट्टे, स्फटिक यांचा दातांशी फारसा संबंध नाही. भारतात टूथपेस्टमध्ये जास्तीत जास्त १००० पीपीएम फ्लोराइड ठेवायला परवानगी आहे आणि ते प्रमाण वेष्टनावर छापावं लागतं. घेताना तेवढं वाचा. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे आणि मुलांच्या दातांवर खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी डाग दिसतात. तिथे आधी पिण्याचं पाणी तपासून घ्यावं आणि लहान मुलांच्या पेस्टबद्दल दंतवैद्याला विचारावं. राखुंडी, विटेची भुकटी, कोळशाची पूड, नुसतं मीठ यांनी दात चकाकतात ते वरचं कवच खरवडलं गेल्यामुळे. ते कवच एकदा गेलं की पुन्हा येत नाही, आणि मग गार पाण्याने कळ जाते, चिंच खाल्ली की दात आंबून येतात. कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी वाईट नाही. नीट चावून तिचा मऊ कुंचला केला, तर पुढचे दात छान निघतात. मागच्या दाढांच्या आतल्या बाजूला ती पोहोचत नाही, एवढीच तिची मर्यादा.

दोन दातांच्या मधल्या जागेत ब्रशचे केस शिरत नाहीत आणि कीड तिथे गुपचूप लागते. त्यासाठी फ्लॉस नावाचा दोरा मिळतो. फटी मोठ्या असतील तर बाटली धुण्याच्या ब्रशसारखे दिसणारे बारीक ब्रश मिळतात. दिवसातून एकदा, रात्रीच. काडेपेटीतली काडी, टाचणी, सेफ्टी पिन, कानातल्या दागिन्याची तार यांनी दात कोरणं बंद करा. एकाच फटीत रोज मटण नाहीतर शेवग्याच्या शेंगेचा दोरा अडकत असेल, तर तिथे काहीतरी बिघडलं आहे, ते दाखवून घ्या.

गोडाबद्दल लोकांना वाटतं की दंतवैद्य पुरणपोळीचे वैरी असतात. तसं मुळीच नाही. सणाला जेवणात दोन पुरणपोळ्या खाल्ल्या, वर भात खाल्ला, चूळ भरली, तर आम्लाचा मारा एकदाच झाला. खरा त्रास किरकोळ गोडाचा आहे. सकाळी सातचा चहा-बिस्कीट, अकराला ऑफिसातला कटिंग, दुपारी चारला चहा-खारी, सहाला कोणीतरी दिलेली चिक्की, रात्री बडीशेप. पाच वेळा, आणि दर वेळी अर्धा तास धरला तरी अडीच तास दात आम्लात. त्यातही थर्मासमधला गोड चहा दिवसभर घोट-घोट पिणारे, घशाला बरं म्हणून खडीसाखर नाहीतर गोळी गालात धरून ठेवणारे, यांच्या दातांना सावरायला उसंतच मिळत नाही. म्हणून गोड सोडा असं मी म्हणणार नाही. ते जेवणाबरोबर खा आणि मधल्या वेळचं कमी करा. मधल्या चहात साखर अर्धी करता आली, बिस्किटाच्या जागी फुटाणे आले, तरी फार मोठा फरक पडतो. लिंबू सरबत, कोकम, सोडा असं काही आंबट प्यायल्यावर मात्र लगेच ब्रश करू नका. आम्लाने कवच त्या वेळी जरासं मऊ झालेलं असतं. साध्या पाण्याने चूळ भरा आणि तासभराने घासा.

आता मुलांकडे येते, कारण सर्वांत मोठं आणि सहज टळण्याजोगं नुकसान तिथे होतं.

साधारण सहाव्या वर्षी मुलाच्या तोंडात एक घटना घडते आणि बहुतेक आईवडलांना तिचा पत्ताच लागत नाही. दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, अगदी कोपऱ्यात, हिरडी फुगते आणि तिच्यातून एक नवी मोठी दाढ डोकं वर काढते. दोन्ही बाजूंना, वर आणि खाली, अशा चार. त्यांच्यासाठी कुठलाही दुधाचा दात पडत नाही, त्यामुळे घरात कोणी ‘नवा दात आला’ म्हणत नाही. पुढचे दात पडले की कौतुक होतं, फोटो निघतात. ही दाढ मात्र मुकाट्याने येते. ती दुधाची नसते, कायमची असते. तीच साठ-सत्तर वर्षं भाकरी चावणार असते. शाळेतल्या दंततपासणीत दुसरी-तिसरीतल्या मुलांच्या याच दाढा किडलेल्या सापडतात आणि आई सांगते, ‘दुधाचीच आहे ना, पडेल आपोआप.’

ही दाढ किडते, यालाही कारण आहे. उगवताना कित्येक महिने ती शेजारच्या दाढेपेक्षा खाली असते, अर्धी हिरडीने झाकलेली. ब्रश वरून सरकून जातो, तिला स्पर्शच करत नाही. शिवाय तिच्यावरच्या खाचा खोल असतात आणि त्यांत बिस्किटाचा लगदा रुतून बसतो. म्हणून या वयात रात्री मुलाला स्वतःसमोर, आपल्याकडे पाठ करून उभं करा. त्याचं डोकं आपल्या पोटाला टेकवा, हनुवटी वर. बोटाने गाल बाजूला घ्या आणि ब्रश गालाच्या बाजूने आडवा आत नेऊन फक्त त्या कोपऱ्यातल्या दाढेवर घासा. मोबाइलचा टॉर्च लावून पाहिलंत तर ती दिसेल. दाढ पूर्ण वर आली की दंतवैद्य तिच्या खाचा एका पातळ लेपाने बंद करून देतात. त्याला सीलंट म्हणतात. सुई नाही, ड्रिल नाही, दुखणं नाही. मुलांसाठी यापेक्षा फायद्याचा सौदा दंतवैद्यकात दुसरा मला माहीत नाही.

त्याआधीच्या वयातल्याही काही गोष्टी आहेत. पहिला दात साधारण सहाव्या-सातव्या महिन्यात येतो आणि त्याच दिवसापासून तो घासायचा. तीन वर्षांपर्यंत पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहापर्यंत वाटाण्याएवढी. जाहिरातीत दाखवतात तसा ब्रशभर नागमोडी पट्टा कोणालाच लागत नाही. साखरेच्या दुधाची बाटली तोंडात ठेवून बाळाला झोपवू नका. समोरचे वरचे दात तपकिरी होऊन मोडतात, ते याच सवयीमुळे. मूल सात-आठ वर्षांचं होईपर्यंत त्याच्या हाताला दात नीट घासण्याचं वळण नसतं. त्याने स्वतः घासावं, पण त्यानंतर एक हात मोठ्यांनी फिरवावा. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायच्या असतात आणि कायमच्या दातांसाठी जागा राखतात. त्या किडल्या तर ‘पडणारच आहेत’ म्हणून सोडून देऊ नका.

खेळताना पडून मुलाचा कायमचा दात मुळासकट निघाला, तर घाबरू नका, पण वेळ दवडू नका. दात पांढऱ्या बाजूने उचला, मुळाला हात लावू नका, घासून पुसू नका. गार दुधाच्या पेल्यात टाका आणि दंतवैद्याकडे धावा. तासाभराच्या आत पोहोचलात, तर तो पुन्हा बसवता येण्याची चांगली शक्यता असते. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत.

मशेरीबद्दल लिहिल्याशिवाय महाराष्ट्रात दातांवर लेख पुरा होऊ शकत नाही. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, पूड करायची आणि बोटाने हिरड्यांना लावून बसायचं. कित्येक घरांत सासू, मावशी, कामाच्या ताई हे ‘दात घासणं’ म्हणून करतात. सुरुवात बहुधा दुखऱ्या दाढेवर उपाय म्हणून होते. बधिरपणा येतो, बरं वाटतं. पुढे सकाळची एकदाची दोनदा होते, मग दुपारी, मग रात्री. ती तंबाखूच आहे आणि तिच्यात निकोटीन आहे, म्हणून ती न लावलेल्या सकाळी डोकं धरतं, चिडचिड होते, पोट साफ होत नाही. तंबाखू घातलेलं दंतमंजन विकायला देशात १९९२ पासून बंदी आहे, पण मशेरी तंबाखू म्हणून विकली जाते आणि घरीही भाजली जाते. तिने हिरड्या खाली सरकतात, दातांची मुळं उघडी पडतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. मुंबईतल्या गरोदर स्त्रियांवरचा एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. अशी बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांची बाळं कमी वजनाची निघाली आणि दिवस पुरे होण्याआधी बाळंत होण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त आढळलं.

घरात कोणी मशेरी लावत असेल, तर तिच्यावर डाफरू नका. ती लपून लावेल, एवढंच होईल. तिला सांगा की ही व्यसनाची पकड आहे, तिच्या स्वभावाचा दोष नाही. आधी दुखरी दाढ दाखवून घ्या, म्हणजे निमित्त संपेल. पोट साफ होण्यासाठी सकाळी कोमट पाणी, जेवणात भाजी-कोशिंबीर वाढवा. सोडायचा एक दिवस ठरवा. पहिला आठवडा-दोन आठवडे जड जातात, तेव्हा तल्लफ आली की काही मिनिटं हातात काम घ्यायचं. ती ओसरते. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ ही सरकारची मोफत हेल्पलाइन आहे.

मशेरी, तंबाखू, गुटखा, सुपारी यांपैकी काहीही खाणाऱ्याने महिन्यातून एकदा उजेडात आरशासमोर तोंड उघडून पाहावं. गालाच्या आत, जिभेच्या कडांना, जिभेखाली. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, गाठ. आपलीच तीन बोटं उभी एकावर एक धरून दातांमध्ये जातात का पाहावं. पूर्वी जात होती आणि आता जात नसतील, तिखट लागून तोंडाची आग होत असेल, तर सुपारीने गालाची आतली त्वचा कडक होऊ लागली आहे. त्याच आठवड्यात तपासून घ्या. दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीचा कर्करोग सहसा दुखत नाही.

हिरड्यांतून रक्त आलं की लोक तिथे ब्रश लावणं सोडतात. करायला हवं नेमकं उलटं. रक्त येतं ते थर साचून हिरडी सुजल्यामुळे, आणि मऊ ब्रशने हळुवार, रोज घासलं की आठवडाभरात सूज उतरू लागते. नाही उतरली तर खाली किटण घट्ट बसलेलं आहे. ते ब्रशने निघत नाही, दवाखान्यात काढून घ्यावं लागतं. ‘दात साफ करून घेतले की हलायला लागतात’ हे मी शेकड्यांनी ऐकलं आहे. हलणारे दात हाड झिजल्यामुळे हलत असतात. किटणाने त्यांना धरून ठेवलेलं असतं आणि ते निघाल्यावर खरी स्थिती कळते, इतकंच. मधुमेह असणाऱ्यांनी तर हिरड्यांकडे दुर्लक्ष करूच नये. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्यांतला जंतुसंसर्ग राहिला की साखर आटोक्यात येत नाही. गरोदरपणातही हिरड्या सुजतात. ‘पोटात बाळ आहे, दाताला हात नको’ असं म्हणून उपचार टाळू नयेत. मधले तीन महिने बहुतेक कामांसाठी सोयीचे असतात.

कवळी वापरणाऱ्या आजी-आजोबांनी ती रात्री काढून पाण्यात ठेवावी. उकळतं पाणी नको, तिचा आकार बिघडतो. मऊ ब्रश आणि साध्या साबणाने बेसिनमध्ये पाणी भरून धुवावी, म्हणजे हातातून निसटली तरी फुटत नाही. बिनदातांच्या हिरड्याही ओल्या फडक्याने रोज पुसाव्यात.

दाढ ठणकायला लागली की लवंग-तेलाचा बोळा तात्पुरता चालतो. तंबाखू, कापूर किंवा गोळी कुटून दाढेत भरू नका, हिरडी भाजते. ठणका आपोआप थांबला तर दाढ बरी झाली असं धरू नका, आतली नस मेली असण्याचीच शक्यता जास्त. खरं तर ठणका लागेपर्यंत थांबणं हेच महागात पडतं. लहान खड्डा असताना एका बैठकीत सिमेंट भरून भागतं. तोच वाढला की रूट कॅनाल, वर कॅप, चार-पाच फेऱ्या. म्हणून काही दुखत नसतानाही वर्षातून एकदा, आणि मधुमेह किंवा तंबाखू असेल तर सहा महिन्यांनी, तोंड दाखवून यावं. खर्चाची धास्ती असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबईचं नायर दंत महाविद्यालय, गोव्यात बांबोळीचं डेंटल कॉलेज अशा ठिकाणी खाजगीपेक्षा कितीतरी कमी पैशांत काम होतं. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या. विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल आधीच सांगा आणि त्या आपल्या मनाने बंद करू नका. बाह्यरुग्ण विभागात गर्दी असते आणि एका फेरीत सगळं काम होत नाही, तेव्हा सकाळी लवकर पोहोचा आणि पुढची तारीख लिहून घेऊनच बाहेर पडा.